चुकांची भिंत

झोपेचा इतका मान राखणारा माणूस सबंध बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नसेल, असं मी माझ्या साडूंबद्दल छातीठोकपणे सांगू शकतो. स्वतःच्या झोपेची काळजी सगळेच घेतात. आमचे साडू दुसऱ्याच्या झोपेची घेतात, आणि तीही त्याने मागितलेली नसताना. धाडला त्यांच्या घरी गेलेल्या माणसाला आधी पाणी मिळतं, मग चहा, आणि चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत प्रश्न येतो, "रात्री झोप झाली का?" हे विचारताना ते आपल्या तोंडाकडे बघत नाहीत, डोळ्यांखालच्या अर्ध्या इंचाकडे बघतात. तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलेला माणूस. तिथली छटा किती गडद आहे त्यावरून ते झोपेचे तास काढतात. आपण "झाली की" म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसत नाही. किती वाजता पडला होता, मध्ये किती वेळा उठला, दुपारी जेवला काय, अशी उलटतपासणी होते आणि आपण स्वतःची गाडी चालवत आलो असलो तर किल्ली टेबलावर ठेवावी लागते. मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. वाचनालयात पेंगणारी माणसं पाहण्यात माझी नोकरी संपली, पण त्यांच्याकडे इतक्या आदराने पाहावं असं मला कधी सुचलं नाही.

नात्याने ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझी बायको त्यांना भाऊजी म्हणते, मी मात्र सर म्हणतो, कारण सगळं धाड त्यांना सर म्हणतं आणि मला वेगळं काही म्हणायचा धीर झाला नाही. अंगाने काटकुळे, पांढरा सदरा, खिशात पेनाऐवजी दोन पेन्सिली. त्यांच्या या वेडाची खरी ओळख आम्हाला आमच्या मुलीच्या लग्नात झाली. वऱ्हाड जालन्याहून जीपने आलं होतं. दुपारी पाठवणीची वेळ झाली, मुलगी आईच्या गळ्यात पडून रडली, बायका रडल्या, मीही खांबाआड जाऊन डोळे पुसून आलो, आणि बघतो तर नवरा-नवरीच्या जीपचा ड्रायव्हर गायब. चौकशी केल्यावर कळलं की तो जानवसघरात, नवरदेवासाठी घातलेल्या गादीवर गाढ झोपलाय आणि गाडीची किल्ली आमच्या साडूंच्या सदऱ्याच्या खिशात आहे. आदल्या रात्री तो दुसऱ्या एका लग्नाची माणसं सोडून थेट इकडे आला होता, हे सरांनी त्याला जिलबी वाढता वाढता काढून घेतलं होतं. व्याही तापले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचे साडू काय डॉक्टर आहेत का?" मी म्हटलं, "नाही, ड्रॉइंग टीचर आहेत." दोन तास पाठवणी थांबली. पुन्हा चहा झाला, पोहे झाले, बसल्या बसल्या वऱ्हाडातली अर्धी माणसं आडवी झाली, आणि थोड्या वेळाने व्याहीही ड्रायव्हरच्या शेजारी तोंड उघडं टाकून घोरताना दिसले. साडेचारला मुलीला दुसऱ्यांदा रडावं लागलं. या खेपेला तिला मध्येच हसू फुटत होतं. माझी बायको अजून म्हणते की भाऊजींनी पोरीच्या पाठवणीची मजा घालवली, पण म्हणताना तिचा आवाज काही रागाचा नसतो.

हे वेड त्यांना जन्मापासून नव्हतं. माझ्या मेहुणीला, माईला, जाऊन आता काही वर्षं झाली. मूत्रपिंडाच्या आजाराने ती गेली. त्यानंतर सर धाडच्या घरात एकटेच राहतात. मुलगा पुण्याला असतो, रविवारी फोन करतो, "बाबा, इकडे या" म्हणतो आणि सर "दिवाळीनंतर बघू" म्हणतात. कोणत्या दिवाळीनंतर, हे कुणी विचारत नाही. एकट्या माणसाच्या घरात जे होतं ते सगळं त्यांच्याकडे झालं होतं. कुकरात एकदाच भात लावून तो दोन वेळा खायचा, रेडिओ ऐकायला नव्हे तर नुसता चालू असावा म्हणून लावायचा, आणि दाराशी कुरियरवाला आला की त्याला पत्ता माहीत असूनही तो पुन्हा समजावून सांगायचा. पण त्यांनी आणखी एक केलं, जे एकट्या माणसाच्या घरात सहसा होत नाही. त्यांनी सुंभाने विणलेल्या चार बाजा विकत घेतल्या.

गावाबाहेर, बुलढाणा रस्त्यावर, एक जुनं बंद गोदाम आहे. पूर्वी त्यात ज्वारी नि मिरची ठेवत. गोदामाचे मालक सरांचे जुने मित्र. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांचं घर गोदामाला लागूनच आहे. गोदामाची लांबच लांब भिंत रस्त्याकडे तोंड करून उभी, पुढे ट्रक उभे राहतील एवढी मोकळी जागा, एक कडुनिंब, आणि अलीकडेच गतिरोधक, त्यामुळे गाडी तिथे हळू होतेच. सरांनी त्या भिंतीवर चित्रं काढायची परवानगी मागितली. चाचा म्हणाले, "सर, भिंत रिकामीच हाय, तुम्ही काय बी काढा. लेकिन मेरा फोटो मत निकालना. लोक समजतीन मी गेलो." मग चार बाजा कडुनिंबाखाली पडल्या, माठ आला, आणि आमचे साडू शिडीवर चढले.

पहिलं चित्र त्यांनी काढलं ते साधं होतं. बाभळीखाली एक माणूस झोपलाय आणि शेजारी बसलेली एक बाई पदराने त्याच्यावरच्या माश्या हाकतेय. लोकांनी विचारलं, "सर, हे कोन हाय?" सर म्हणाले, "ड्रायव्हर हाय." बाई कोण ते त्यांनी सांगितलं नाही. त्या चित्राकडे पाहून एकही गाडी थांबली नाही. झोपलेला माणूस पाहून कुणी गाडी कशाला थांबवेल? दुसरं चित्र बैलाचं. बैल चालतोय असं दाखवायचं होतं. पुढचा पाय सरांच्या मनासारखा पडेना, म्हणून त्यांनी शेजारी दुसरा काढला, आणि पहिला पुसायचा म्हणून चुना आणायला ते खाली उतरले. तेवढ्यात भाजीचा एक टेम्पो गतिरोधकावर हळू झाला, पुढे गेला, आणि मागे आला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "ओ पेंटर, बैलाले पाच पाय काऊन काढले बे?" पाठमोऱ्या म्हाताऱ्याला बे म्हणून गेलो हे लक्षात आल्यावर तो ओशाळला. सरांनी वळून पाहिलं. त्याचे डोळे लाल होते. तो मालेगावहून सलग निघाला होता आणि दुपारचे अडीच वाजले होते. पाय मोजता मोजता त्याची झोप पार उडाली होती. सरांनी त्याला बाजेवर अर्धा तास निजवलं, पाणी पाजलं आणि पाठवलं. बैलाचा पाचवा पाय मात्र तसाच राहिला.

"साडूभाऊ," त्या रविवारी त्यांनी मला समजावून सांगितलं, "तीस वर्षं मी फळ्यावर बरोबर चित्र काढलं की पोरं पेंगायची. जरा चुकलं की चाळीस हात वर. हे मले शाळेत असताना कळलं होतं, पण तवा मले राग यायचा." मी विचारलं, "चित्र बघता बघता कुणी गाडी ठोकली तर?" याचा विचार त्यांनी माझ्या आधी केला होता. चित्रं मोठी, एका नजरेत कळतील अशी, गतिरोधकाच्या आसपासच. बाण काढून गाडी कुठे घ्यायची ते दाखवलेलं. त्यांच्या वेडात बेफिकिरी नव्हती. असती तर ते वेड आम्हाला इतका त्रास देऊ शकलं नसतं.

मग भिंतीला सगळं गाव लागलं. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग डब्या-डब्यांतून आला. कुणी गेरू आणला, कुणी दाराला लावून राहिलेला ऑइलपेंट. प्रत्येकाला आपली एक चूक भिंतीवर हवी होती. विहिरीतून वर आकाशाकडे पाणी पडतंय, एसटीचा ड्रायव्हर टपावर बसलाय आणि प्रवासी स्टिअरिंग धरून, कोंबडीच्या मागे मांजर पळण्याऐवजी मांजरीच्या मागे कोंबडी. बचत गटाच्या बायकांनी दुपारी येऊन एक मोठं चित्र काढलं: चुलीपुढे बसून नवरा भाकरी थापतोय आणि बायको खाटेवर पेपर वाचतेय. सर बराच वेळ चष्मा पुसत उभे राहिले आणि म्हणाले, "छान हाय. पण यात चूक काय हाय?" गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "सर, नवरा भाकरी करून राह्यला ना." सगळ्या हसल्या. एक ट्रकवाला खरोखरच त्या चित्रासाठी थांबला आणि खाली उतरून हात जोडून म्हणाला, "हे पुसा. माह्या घरच्या लोकायनं पाह्यलं त माझं काही खरं नाही."

थांबलेल्या ड्रायव्हरची परीक्षा होई. सर त्याला भिंतीसमोर उभं करून चुका मोजायला लावत. पटापट मोजल्या की "जा, जागा आहेस." अडखळला की बाज. एकदा एक दांडगा ट्रेलरवाला बैलापुढे उभा राहिला आणि दोनदा मोजून म्हणाला, "चारच हायत." सरांनी बाजेकडे बोट केलं. तो चिडला, "चार पायच असतेत बैलाले, तुम्ही मले येडा समजता का?" सर शांतपणे म्हणाले, "खऱ्या बैलाले चार असतात. तू भिंतीवरचा मोज." त्याने तिसऱ्यांदा मोजले आणि बाजेवर जाऊन पडला. दीड तासाने उठला तेव्हा चाचांनी त्याला चहा दिला. तो चहा पिताना एकटाच भिंतीकडे बघत बसला होता, आणि जाताना सरांच्या पाया पडला. सरांना पाया पडलेलं आवडत नाही. त्या दिवशी त्यांनी पाय मागे घेतला नाही, असं चाचांनी मला सांगितलं.

खरं सांगायचं तर मला वाटे की सरांना त्या गाड्या थांबायला हव्या असतात त्या ड्रायव्हरांसाठी जेवढ्या, तेवढ्याच स्वतःसाठीही. दुपारी दोन ते पाच ते कडुनिंबाखाली बसत. ज्या दुपारी दोन-तीन माणसं थांबत, त्या रात्री मला त्यांचा लांबलचक फोन येई: कोण कुठला होता, काय भरलं होतं, घरी कोण कोण आहे. ज्या दुपारी कुणीच थांबत नसे, त्या रात्री फोन नसे. झोपणाऱ्याशी बोलता येत नाही, हे मी एकदा त्यांना म्हटलं होतं. ते म्हणाले, "बोलायचं कशाला? शेजारी कोणी श्वास घेत असला म्हंजे बस झालं."

भिंतीचे फोटो फोनवरून फिरले. एक दिवस रस्ता सुरक्षेचं काम पाहणारे एक तरुण साहेब जीपमधून आले. चांगला, मनापासून काम करणारा मुलगा होता. त्याने सरांचं कौतुक केलं, बाजांवर हात फिरवून पाहिला, बायकांबरोबर फोटो काढला आणि "ही भिंत आपण वर पाठवू" म्हणून गेला. सर आठवडाभर खुशीत होते.

त्याच महिन्यात त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकल्याचं निघालं. ऑपरेशन बुलढाण्याला करायचं आणि नंतर आठ-दहा दिवस आमच्याकडेच राहायचं, हा हट्ट माझा आणि माझ्या बायकोचा. त्यांची इच्छा नव्हती. "भिंत कोन पाहीन?" म्हणत होते. मी म्हटलं, "भिंत कुठे जात नाही." हे वाक्य मी बोलायला नको होतं. त्या दहा दिवसांत त्यांनी आमच्या घरी प्रत्येकाच्या डोळ्याखाली पाहून घेतलं, दूधवाल्याला दोनदा घरी पाठवून झोपायला लावलं आणि माझ्या बायकोने केलेल्या प्रत्येक भाजीला "माई अशीच करायची" म्हटलं. माई भाजीत साखर घालायची आणि माझी बायको कधीच घालत नाही. तरी ती हो म्हणायची.

अकराव्या दिवशी मी त्यांना धाडला सोडायला गेलो. गतिरोधकावर गाडी हळू झाली आणि मला काहीतरी वेगळं वाटलं, पण काय ते लगेच कळेना. भिंत चकचकीत होती. नव्या रंगाचा वास येत होता. बैलाला चार पाय होते. पाणी वरून खाली पडत होतं. एसटीच्या टपावर सामान होतं आणि ड्रायव्हर आपल्या जागेवर पट्टा लावून बसला होता. मांजर कोंबडीच्या मागे धावत होती. चुलीपुढे बायको बसली होती आणि नवरा खाटेवर पेपर वाचत होता. बाभळीखालच्या माणसाला शहरातल्या पेंटरने उठवून बसवलं होतं. तो डोळे टक्क उघडे ठेवून समोर बघत होता, आणि बाईच्या जागी सुबक अक्षरांत एक सूचना लिहिली होती. साहेबाने चांगल्या मनाने सगळ्या चुका दुरुस्त करून घेतल्या होत्या. पाहणीला वरून माणसं येणार होती, त्यांच्यापुढे गावाची शोभा होऊ नये म्हणून. चाचा त्या दिवसांत लेकीकडे गेले होते. बायकांनी पेंटरला अडवलं होतं, पण त्याच्या हातात कागद होता.

सर गाडीतून उतरले. काळा चष्मा होता, त्यामुळे मला त्यांचे डोळे दिसत नव्हते. ते भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेले आणि परत आले. वहीवर मार्क देताना मास्तर उभा राहतो तसे उभे राहिले. मग म्हणाले, "चांगलं काढलंय. प्रमाण बरोबर आहे. हात चांगला आहे पोराचा." आणि घराकडे चालू लागले.

त्यानंतर गाड्या थांबेनात. साहेबाला मी स्वतः जाऊन भेटलो, सगळं सांगितलं. तो खरोखर कळवळला, "मला कुणी सांगितलंच नाही, काका" म्हणाला, पुन्हा तसंच काढून देतो म्हणाला. सर नको म्हणाले. चाचांनी मागची भिंत देऊ केली. सर म्हणाले की मागून ड्रायव्हर जात नाहीत. बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी आपला भाकरी थापणारा नवरा घराच्या ओसरीवर काढून घेतला आणि आता त्यांच्या यजमानांना येता-जाता तो बघावा लागतो, एवढंच काय ते भिंतीतून वाचलं. सरांचे फोन बंद झाले. एका रविवारी मी गेलो तर ते भर दुपारी दार लावून बसले होते. बाजा उभ्या करून भिंतीला टेकवल्या होत्या. मला त्यांनी झोपेचं काही विचारलं नाही. तेव्हा मी घाबरलो.

त्या दुपारी त्यांनी मला बाभळीखालच्या चित्राची गोष्ट सांगितली. मला ती अर्धीच माहीत होती. माईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बुलढाण्याला न्यावं लागे, आणि गावातला एक व्हॅनवाला, चांगला कष्टाळू तरुण, त्यांना न्यायचा-आणायचा. एकदा परत येताना, दुपारी अडीचच्या सुमाराला, त्याचा डोळा लागला आणि व्हॅन रस्ता सोडून सोयाबीनच्या शेतात घुसून बांधाला टेकली. माईच्या कपाळाला टेंगूळ आलं, सरांचा चष्मा फुटला. ड्रायव्हर हमसून रडायला लागला. माई त्याला म्हणाली, "रडू नको. आधी झोप." आणि त्या आजारी बाईने त्याला बाभळीखाली निजवलं. आजूबाजूच्या शेतांतून माणसं धावत आली, त्याला मारायलाच आली होती. माईने ओठांवर बोट ठेवलं, तशी ती माणसं कुजबुजत मारायच्या गोष्टी करू लागली. तो दोन तास झोपला आणि माई पदराने माश्या हाकत बसली. एवढं आम्हा घरच्यांना ठाऊक होतं. व्हॅनवाल्याने नंतर व्हॅन विकली, गाव सोडलं आणि लोणारला सासुरवाडीला जाऊन राहिला, हेही ठाऊक होतं.

"त्या दिवशी तिची डायलिसिसची पाळी नव्हती," सर म्हणाले. "पण सकाळी तिला दम लागला. मी सहा वाजता त्याले फोन केला. त्याच्या बायकोनं उचलला. म्हणाली, सर, ते आत्ताच नागपूरहून येऊन पडले, दोन दिवस झोप नाही त्याइले. मी म्हटलं, उठव. ती दोनदा म्हणाली, साडूभाऊ. मी दोनदा म्हटलं, उठव. आन तो गाव सोडून गेला आपली चूक समजून. मी त्याले कधी सांगितलं नाही की मले माहीत होतं. उलट माईले म्हटलं, त्याचं नाव घरात काढायचं नाही."

मी म्हटलं, "लोणार काही लांब नाही."

आठवड्याने आम्ही एसटीने निघालो. मेहकरला बस बदलली. सर वाटभर काहीतरी पुटपुटत होते. ते वाक्य पाठ करताहेत हे मेहकरच्या पुढे माझ्या लक्षात आलं. लोणारच्या स्टँडजवळ त्या माणसाची रसवंती होती. सरांना पाहिल्यावर त्याने आधी यंत्र बंद केलं, हात पुसले आणि खुर्ची पुढे केली. केस बरेच पिकले होते त्याचे. सर बसले नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "त्या दिवशी तुझी झोप झाली नव्हती हे मले माहीत होतं. तुझ्या बायकोनं सांगितलं होतं. तरी मी तुले उठवलं. चूक माझी होती."

त्याने हात पुन्हा एकदा पुसले. मग म्हणाला, "सर, मले बायकोनं तवाच सांगितलं होतं. तुम्ही उठव म्हटलं, पण उठलो त मीच ना. नाही म्हणता येत होतं मले."

"माई आजारी होती. तू नाही कसं म्हणणार होतास?"

"म्हणून त आलो," तो म्हणाला.

एक गिऱ्हाईक आलं, यंत्र बंद पाहून गेलं. मग त्याने आतून तीन ग्लास रस आणला आणि सरांच्या हातात देताना सहज बोलल्यासारखं म्हणाला, "माई फोन करत मले. दर महिन्याच्या एक तारखेले. जाईपर्यंत करत होत्या."

सरांचा ग्लास तसाच हातात राहिला. "माझ्या घरून?"

"चाचांच्या घरून. चाचींच्या फोनवरून. म्हणायच्या, सरांना सांगू नको, त्यांना त्रास होतो. फार नाही बोलायच्या. दुकान कसं हाय, पोरं कशी हायत. मी विचारायचो, सर कसे हायत. त्या म्हणायच्या, चित्रं काढत नाहीत आजकाल."

सर खुर्चीवर बसले. मग मला म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं?" मी नाही म्हटलं. "तुमच्या बायकोला?" तिलाही नव्हतं. त्यांनी रस एका दमात पिऊन टाकला. आपल्या बायकोने आपल्यापासून लपवलेली एखादी गोष्ट इतक्या वर्षांनी कळल्यावर माणूस रागावतो, पण त्यांच्या तोंडावर जे होतं ते राग नव्हता. माईचं काहीतरी नवं कळायचं अजून शिल्लक होतं, असं काहीसं ते होतं.

ते आता बरे आहेत. बाजा पुन्हा आडव्या झाल्यात. भिंत अजून बिनचूक आहे; दोन पावसाळ्यांनी रंग थोडा उडाला एवढंच. जुन्या ओळखीचे दोन-चार ड्रायव्हर सवयीने थांबतात, थोडं पडतात आणि जातात. "सर, आता भिंतीत काही राह्यलं नाही," असं एक जण म्हणाला तेव्हा सर हसले. बाकीच्या गाड्या गतिरोधकावर हळू होतात आणि निघून जातात.

गेल्या महिन्यात मी गेलो तो एक तारखेला. मला तारखेचं भान नव्हतं. दुपारचे तीन वाजले होते आणि सर इस्त्रीचा सदरा घालून, केस विंचरून कडुनिंबाखाली बसले होते. फोन समोरच्या स्टुलावर ठेवलेला. मला वाटलं कुणी पाहुणे येणार आहेत. साडेतीनला फोन वाजला. त्यांनी तो दुसऱ्या रिंगला उचलला. लोणारचा होता. "हां. हां. पोरगी कितवीत गेली? बरं. ऊस महाग झाला असंन. इकडं बरं हाय. बरं, ठेवू?" दोन मिनिटंही झाली नसतील. फोन बंद झाल्यावर तो त्यांनी लगेच खाली ठेवला नाही, तसाच हातात धरून बसले. रस्त्याने एक टेम्पो गेला, मग एक ट्रक गेला.

"हा महिना एकतीस दिवसांचा हाय," ते म्हणाले.